मिडाझोलमचा नाकातला स्प्रे: औषध पक्कं, बाटली मात्र बघून घ्या

ज्या घरात मुलाला फिट येते, त्या घरच्या चिठ्ठीवर हल्ली रोजच्या सिरपच्या खाली आणखी एक ओळ असते: मिडाझोलम नेझल स्प्रे, एसओएस. म्हणजे रोज द्यायचं नाही, फिट लांबली तरच नाकात मारायचं. केमिस्ट बाटली देतो, ती घरी येऊन फ्रिजवर किंवा देवघराच्या कपाटात जाते आणि पुढचे कित्येक महिने तिचं टोपणही कोणी काढत नाही. मग एके रात्री ती लागते, आणि तेव्हा कळतं की किती फवारे मारायचे ते कोणालाच धड आठवत नाही.

या परीक्षणात एका कंपनीच्या बाटलीचं मोजमाप नाही. आपल्याकडे हा स्प्रे अनेक कंपन्या बनवतात आणि औषध सगळ्यांत तेच असतं. फरक पडतो तो फवाऱ्याच्या ताकदीत, पंपात आणि लेबलवर काय छापलंय त्यात. निकाल आधीच सांगायचा तर औषधाला दहापैकी नऊ आणि बाटलीच्या रचनेला जेमतेम पाच. तरीही लांबणाऱ्या फिटचा इतिहास असलेल्या मुलाच्या घरात हा असायला हवा.

गरज किती जणांना पडते? अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून १९९९ साली काढलेला आकडा दर हजारी ५.३३ होता. त्याच्याही आधी, १९८८ साली प्रसिद्ध झालेली मुंबईतल्या पारशी वसाहतींची पाहणी आहे. १४,०१० लोकांत घरोघर जाऊन केलेल्या त्या पाहणीत कधीतरी अपस्मार झालेल्यांचं प्रमाण हजारी ४.७ आणि आजार अजून सक्रिय असलेल्यांचं ३.६ निघालं. हे आकडे सगळ्या वयांचे आहेत. लहान मुलांत प्रमाण साधारण अर्धा ते एक टक्का धरतात, आणि नव्याने सुरू होण्याचा धोका सर्वांत जास्त आयुष्याच्या पहिल्या वर्षात असतो. याशिवाय तापात येणारी फिट वेगळी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती एकदा तरी येते, पण तो अपस्मार नव्हे. आपल्याकडे अपस्माराचं प्रमाण वाढवणारी दोन कारणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहेत: जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, आणि मेंदूत फीतकृमीची गाठ होणं. हजार मुलांच्या शाळेत किमान पाचेक मुलं अपस्माराची असणार, हा हिशेब मुख्याध्यापकांनी धरून चालावा. शिक्षकांना ती माहीत नसतात, कारण आईवडील सांगत नाहीत.

यातल्या प्रत्येकाला स्प्रे लागत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. हात-पाय आखडून झटके देणारी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की ती आपली आपण थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, आणि अर्ध्या तासाच्या पुढे मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली केलेल्या व्याख्येत हेच दोन टप्पे आहेत, पाच मिनिटं आणि तीस मिनिटं. शिवाय उशीर झाला की औषधही कमी लागू पडतं. मिडाझोलम पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) धरून मेंदू शांत करतं, ते ग्राहक फिट चालू राहिली की पेशीच्या आत ओढले जातात. म्हणून सातव्या मिनिटाला जे काम एका डोसने होतं, ते चाळिसाव्या मिनिटाला कॅज्युअल्टीत शिरेतून दोन-तीन औषधं देऊनही कधी कधी होत नाही. गावापासून तालुक्याचं हॉस्पिटल पाऊण तासावर असेल तर ही बाटली म्हणजे चैन नव्हे.

औषध म्हणून मिडाझोलम खरोखर चांगलं आहे. नाकाच्या आतल्या त्वचेतून ते थेट रक्तात जातं आणि बहुतेक मुलांत काही मिनिटांत परिणाम दिसतो. इस्राएलमध्ये तापाच्या लांबलेल्या फिटवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ४७ मुलं होती. काहींना नाकातून मिडाझोलम किलोमागे ०.२ मिग्रॅ आणि काहींना शिरेतून डायझेपाम दिलं गेलं. हॉस्पिटलात पोचल्यापासून फिट थांबेपर्यंत नाकातल्या औषधाला सरासरी ६.१ मिनिटं लागली, शिरेतल्याला ८.०. शिरेतलं औषध मुळात वेगवान असतं, पण आखडलेल्या हातात सुई घालण्यात वेळ जातो. नाक शोधावं लागत नाही.

पूर्वी घरी देण्यासाठी गुदमार्गाने डायझेपाम सुचवायचे. तेही चालतं. पण बारा वर्षांच्या मुलीला भर लग्नात किंवा शाळेच्या व्हरांड्यात ते कोण देणार? त्या एका कारणासाठी सुद्धा स्प्रे वरचढ ठरतो.

आता बाटलीकडे येऊ, कारण गडबड इथेच होते.

आपल्याकडे मिळणारा स्प्रे बहुधा अनेक फवाऱ्यांचा असतो. छोटी बाटली, आत तळापर्यंत जाणारी बारीक नळी, वर माप ठरलेला पंप आणि नाकात घालायचं निमुळतं टोक. ताकद दोन प्रकारची मिळते: एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ, किंवा एका फवाऱ्यात १.२५ मिग्रॅ. खोकी सारखीच दिसतात आणि आकडा बारीक अक्षरात असतो. डोस मात्र मुलाच्या वजनावर ठरतो, सर्वसाधारणपणे किलोमागे ०.२ मिग्रॅ, आणि वरची मर्यादा १० मिग्रॅ. म्हणजे १० किलोच्या मुलाला २ मिग्रॅ, १५ किलोला ३, २० किलोला ४. हे फवाऱ्यांत मोजलं तर ०.५ च्या बाटलीतून अनुक्रमे ४, ६ आणि ८ फवारे लागतात. १.२५ च्या बाटलीतून २० किलोच्या मुलाला साधारण ३ आणि २५ किलोच्या मुलाला बरोबर ४.

चिठ्ठीवर नुसतं ‘६ पफ’ लिहिलेलं असेल आणि केमिस्टने ०.५ संपलाय म्हणून १.२५ चा दिला, तर १५ किलोच्या मुलाच्या नाकात ३ ऐवजी ७.५ मिग्रॅ जाईल. अडीच पट. उलट झालं, म्हणजे १.२५ चे ३ फवारे सांगितले आणि हातात ०.५ ची बाटली आली, तर ४ मिग्रॅची गरज असताना दीडच मिग्रॅ जाईल, फिट थांबणार नाही आणि घरचे म्हणतील की औषध बोगस आहे. म्हणून चिठ्ठीवर तीन आकडे लिहून घ्यायचेच: एकूण मिलिग्रॅम, एका फवाऱ्याची ताकद, आणि प्रत्येक नाकपुडीत किती फवारे. तेच तीन आकडे जाड मार्करने खोक्यावर आणि बाटलीवरही. आजीला चष्म्याशिवाय वाचता यायला हवेत. आणि वरचं गणित फक्त चिठ्ठी पडताळण्यासाठी आहे. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, कारण रोजची इतर औषधं पाहून ते तो कमीही करतात.

वजन वाढतं हेही विसरू नका. दोन वर्षांचं असताना १२ किलोचं होतं म्हणून पाच फवारे लिहिले होते, ते सहाव्या वर्षी २० किलो झालं तरी बाटलीवर पाचच. दर सहा महिन्यांनी वजन करून आकडा तपासून घ्यावा.

कोणती ताकद घ्यावी, याला सरळ उत्तर आहे. नाकपुडीत एका वेळी फार द्रव मावत नाही. अर्ध्या मिलिलीटरच्या पुढे गेलं की औषध घशात उतरतं, आणि गिळलेलं औषध उशिरा आणि कमी लागू पडतं. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव असतो. ३० किलोच्या मुलाला ०.५ च्या बाटलीतून १२ फवारे म्हणजे प्रत्येक नाकपुडीत ०.६ मिली. त्यात झटके देणाऱ्या मुलाच्या नाकात बारा वेळा पंप दाबायचा, मोजायचं, हात थरथरत असताना. आठव्यानंतर मोजणी चुकतेच. म्हणून १५ किलोपर्यंत ०.५ ठीक आहे, कारण लहान डोस नेमका मोजता येतो. २० किलोच्या पुढे १.२५ मागून घ्या. मधल्यांचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दुसरी मोठी अडचण पंपाची. नवी बाटली उघडल्यावर नळीत हवा असते. पहिले काही दाब कोरडे जातात किंवा अर्धवट थेंब येतो. धुरासारखा बारीक फवारा एकसारखा निघेपर्यंत हवेत दाबून पंप भरून घ्यावा लागतो. किती वेळा ते आतल्या कागदावर असतं. हे काम बाटली आणल्या दिवशीच, तोंडापासून लांब धरून करून ठेवायचं. पंप वेगळा पॅक केलेला असेल तर तोही त्याच दिवशी घट्ट बसवायचा. रात्री दोन वाजता सील फोडणं हा प्रकार टाळता येतो. पुढे महिनोन्‌महिने बाटली पडून राहिली की नळीतला द्रव परत खाली उतरतो, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला एखादा फवारा हवेत मारून पाहावा. यात थोडं औषध वाया जातं, जाऊ द्या. ०.५ च्या ५ मिलीच्या बाटलीत पन्नासच्या आसपास फवारे असतात. सहा फवाऱ्यांचा डोस धरला तरी ते पुरतं.

तिसरी गोष्ट खोक्यावरच्या चित्रात कधीच दिसत नाही. पंपाची नळी तळाला असते, त्यामुळे बाटली आडवी किंवा उलटी धरली की पंप हवा ओढतो. मूल तर जमिनीवर आडवं पडलेलं असतं. यावर उपाय असा की एकाने मुलाचं डोकं आणि खांदे मांडीवर घेऊन थोडे उचलायचे, म्हणजे बाटली जवळजवळ उभी धरता येते. नाकात शेंबूड किंवा फेस असेल तर आधी रुमालाने पुसायचं. टोक नाकपुडीत थोडंसं आत, मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला किंचित तिरपं. एक फवारा उजवीकडे, एक डावीकडे, असं आलटून पालटून द्यायचं आणि मोठ्याने मोजायचं. दाब झटक्यात आणि पूर्ण हवा. भीत भीत हळू दाबला तर धूर होत नाही, थेंब पडतो. संपलं की मुलाला ताबडतोब डाव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल.

हे सगळं पाच मिनिटं झाल्यावर. त्याआधी फिट सुरू होताच घड्याळ किंवा मोबाइलचा स्टॉपवॉच लावायचा, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. कुशीवर वळवा, गळ्याजवळची बटणं सोडा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, आजूबाजूची टेबलं-स्टोव्ह सरकवा. दातखीळ सोडवायला चमचा किंवा बोट घालायचं नाही. दात तुटतात आणि बोटही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यातलं काहीही लागत नाही. कांदा हुंगवल्यावर फिट थांबली असं जे वाटतं, ते ती तेव्हा थांबणारच होती म्हणून. तोंडात पाणी तर मुळीच नाही. ज्यांच्या फिट आधी लांबल्या आहेत किंवा लागोपाठ येतात, त्यांना डॉक्टर पाच मिनिटांच्या आतही स्प्रे मारायला सांगतात. ते चिठ्ठीवर मिनिटांत लिहून घ्यावं.

सर्वांत जास्त दिसणारा चुकीचा वापर वेगळाच आहे: फिट थांबल्यावर स्प्रे मारणं. झटके थांबले, अंग सैल पडलं, श्वास खोल आणि घोरल्यासारखा झाला, म्हणजे फिट संपली. मूल पुढे तासभरही झोपेल, हाक मारली तर उठणार नाही. ते पाहून घरचे घाबरतात आणि तेव्हा औषध देतात. त्याने झोप आणखी गडद होते, दुसरं काही साधत नाही. काही सेकंद टक लावून पाहणं आणि परत खेळायला लागणं, असल्या छोट्या फिटसाठीही हा स्प्रे नाही.

त्रास काय होतो? द्रव आम्लधर्मी असल्यामुळे नाकात जळजळतं, डोळ्यांत पाणी येतं आणि घशात कडू लागतं. शुद्धीवर येताना मुलं याचीच तक्रार करतात. झोप येते, काही वेळ तोल जातो. खरी काळजी श्वासाची. ठरलेल्या एका डोसने सहसा अडचण येत नाही, पण घाबरून लागोपाठ डोस दिले, किंवा मूल आधीच फेनोबार्बिटोन, क्लोबाझम किंवा क्लोनाझेपाम घेत असेल, तर श्वास मंदावू शकतो. म्हणून दुसरा डोस डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिला असेल तरच द्यायचा. स्प्रे मारल्यावर मुलाला एकटं सोडायचं नाही; छाती हलते का, ओठ निळे पडतात का, हे पाहत राहायचं. औषध देऊन पाच मिनिटं झाली तरी फिट चालूच असेल, शुद्ध न येता दुसरी लागली, श्वास नीट नसेल, डोक्याला मार लागला असेल, पाण्यात असताना आली असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८. सर्दीने नाक गच्च बंद असेल तर औषध कमी शोषलं जातं. ज्या मुलांना बारा महिने सर्दी असते, त्यांच्यासाठी गालाच्या आत द्यायच्या पर्यायाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

खरेदीची एक बाजू अशी की मिडाझोलम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. केमिस्टने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लिहायचं असतं, आणि ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. त्यामुळे ‘ओळखीतून’ मिळत नाही, आणि मिळू नये. लहान गावात बरेच केमिस्ट ठेवतच नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला गेलात की दोन बाटल्या एकदम आणा, एक घरी, एक शाळेत. एक्स्पायरीची तारीख बिलापेक्षा आधी बघा. हळू खपणारा माल असल्यामुळे चार-पाच महिनेच उरलेली बाटली हातात पडण्याचा संभव जास्त. किमान वर्षभराची मागा.

ठेवायची जागा थंड, अंधारी, खोक्यातच. लेबलवरची तापमानाची मर्यादा पाळा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली बाटली टाकून द्यावी. फ्रीझरमध्ये कधीच नाही. लहान भावंडांच्या हाताला लागू नये, पण कुलूप लावून किल्ली हरवेल अशा कपाटातही नको.

शाळेबाबत बहुतेक घरं मागे पडतात. शाळेला दोन गोष्टी हव्यात: डॉक्टरांच्या लेटरहेडवर डोस, वेळ आणि १०८ ची सूचना, आणि पालकांचं संमतिपत्र. बाटली मुख्याध्यापकांच्या खोलीत, पण वापरायला शिकलेली माणसं किमान दोन, कारण पीटीचे सर नेमके त्या दिवशी रजेवर असतात. सहलीच्या बसमध्ये ती न्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची जी तपासणी होते, तिच्या आजारांच्या यादीत झटके आहेत. ज्यांचं अजून निदानच झालेलं नाही, त्यांना तिथून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवता येतं.

परदेशातल्या मराठी घरांना वेगळा माल मिळतो, आणि तुलना केली की आपल्या बाटलीची उणीव स्पष्ट दिसते. युरोपात २०११ पासून बुक्कोलाम आहे. गालाच्या आत सोडायच्या, आधीच भरलेल्या सिरिंज. वयाप्रमाणे रंग ठरलेला. २.५ मिग्रॅची पिवळी, ५ ची निळी, ७.५ ची जांभळी, १० ची केशरी. मोजायचं काही नाही, पंप भरायचा नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेला नेझिलाम हा ५ मिग्रॅचा एकाच दाबाचा स्प्रे आहे, पण बारा वर्षांपुढच्यांसाठी. त्याची एक अट आहे: हवेत दाबून ‘बघायचा’ नाही, नाहीतर डोस गेला. आपल्या बाटलीची सवय असलेले आजी-आजोबा तिकडे गेले की नेमकं हेच करतात. त्यांना आधी सांगून ठेवा. प्रवासात चिठ्ठी आणि मूळ खोकं जवळ असावं. आखाती देशांत या गटाच्या औषधांवर कडक नियम आहेत, तिथला परवाना निघण्याआधीच बघा.

आता कोणी घेऊ नये तेही. तापात एकदाच, काही मिनिटं टिकलेली फिट आलेल्या मुलाला सहसा याची गरज नसते. अशी फिट पुन्हा येण्याचा संभव साधारण तीनात एक असतो. पहिली फिट एक वर्षाच्या आत आली असेल तर निम्मा. तापाची फिट लांबली असेल, वारंवार येत असेल किंवा हॉस्पिटल लांब असेल, तर डॉक्टर स्प्रे लिहून देतात. शेजाऱ्याच्या मुलाला लिहून दिलेली बाटली ‘असू दे जवळ’ म्हणून मागून आणू नये. त्यावरचे आकडे त्या मुलाच्या वजनाचे असतात.